डोंगरावरची बारी

"मामी, मम्मी ऊठती नथी." मिलिंदने फोनवर एवढंच सांगितलं. दुपारची वेळ होती. मी वर्गात चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते, आणि बाईंचा फोन वर्गात वाजला म्हणून मुलं माझ्याकडे टकामका बघत होती. मिलिंद माझ्या थोरल्या नणंदेचा मुलगा. साड्यांच्या छपाईची डिझाइनं करतो, तिशीला टेकलाय. बाहेर सगळा कारभार गुजराती-हिंदीत, पण आईशी कायम वऱ्हाडीतच भांडत आलेला. आज हा आईबद्दल गुजरातीत का बोलतोय, असा एक विचित्र राग मला आधी आला. बातमी मागाहून पोचली. आता वाटतं, तिच्या उशाशी उभं राहून ते वाक्य तिच्या भाषेत बोलणं त्याला जमलं नसावं... तिला ऐकू गेलं असतं ना.

सुरतेतच गोडादऱ्याला त्यांच्या खोलीवर पोचले तेव्हा आक्का, म्हणजे माझी ही नणंद, चटईवर कुशीला वळून पडली होती, रोज दुपारी पाठ टेकायची तशीच. शेजारी अर्धवट झालेली साडी पसरलेली होती. पदराच्या एका बाजूला खडे चमकत होते आणि दुसरी बाजू कोरी होती. गोंदाच्या बाटलीचं झाकण उघडं होतं. मी आधी ते लावलं. त्या क्षणी तेवढंच सुचलं. गोंद वाळला की ती फार चिडायची. मग तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला रडू यायच्या आधी संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही. हा लेख मी तिची थोरवी सांगायला लिहीत नाहीये. तिला पुढच्या महिन्यात एका डोंगरावर जायचं होतं, तिथे गाणं ऐकायचं होतं आणि आपलं एक गाणं म्हणायचं होतं. ती तिथे न जाताच गेली. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तिचं नाव पंचफुला. मलकापूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेत आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. त्यांचे हात कधी कोपरापर्यंत जांभळे असायचे, कधी हिरवे. जेवायला बसताना ते हात धुवायचे, पण रंग काही जायचा नाही. ते फार लवकर गेले आणि आक्काने घरी बसून साड्यांवर खडे चिकटवत मिलिंदला शिकवलं. मी कोकणातली. या घरात सून म्हणून निघाले तेव्हा आईने नणंदेपासून जपून राहायला सांगितलं होतं, आणि आईचं अगदीच चुकलं नव्हतं. आक्काने माझ्या हातची पहिली भाजी चाखली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनंदे, गोड बोलाले ठीक हाये, पन भाजीत काहाले गूळ टाकला वं?" तिथून जी आमची भांडणं सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाहीत. लोक आम्हाला मैत्रिणी म्हणायचे तेव्हा आम्ही दोघीही नाकं मुरडायचो.

आक्काची बायकांची गायन पार्टी होती. पार्टी म्हणजे चार-पाच जणी, एक पेटी आणि एक ढोलकी. जयंतीला, नामकरणाला, कोणी वारलं तर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला या बायका भीमगीतं म्हणायच्या. पेटी आक्काची. ढोलकी पुष्पाबाईची, ती मागच्या गल्लीत राहते, दिवसभर लेस कापते आणि संध्याकाळी त्याच हातांनी ढोलकी अशी वाजवते की रिक्षावाले रिक्षा थांबवून ऐकतात. माझा सूर कुठे लागतो ते माझं मलाही माहीत नसतं, म्हणून माझ्याकडे फक्त टाळ्या. आमच्या या पार्ट्यांमध्ये एक रिवाज आहे. दुसऱ्या पार्टीचं गाणं ऐकायला गेलात, तर नुसतं ऐकून उठायचं नाही. त्यांचं गाऊन झालं की तुम्हाला बारी मिळते. बारी म्हणजे गायची संधी. एक तरी गाणं म्हणायचंच. बारी न घेता निघालात तर गाणाऱ्यांना ते लागतं, आणि घ्यायची कबूल करून आला नाहीत तर गोडादऱ्यापासून चलथाणपर्यंत तुमच्या पार्टीचं नाव खराब होतं.

उन्हाळ्यातला एक रविवार होता. मी आक्काकडे खडे लावायला बसले होते, म्हणजे तिच्या मते काम बिघडवायला. मिलिंद मोबाइलवर काहीतरी बघत होता. त्याच्या ऑफिसातली मुलं हिमाचलातल्या एका गावी संगीताच्या महोत्सवाला जाऊन आली होती, त्यांनी पाठवलेलं ते चित्रण होतं. देवदारांच्या मधला गवताचा उतार, खाली छोटंसं स्टेज, आणि उतारावर शाली पांघरून बसलेले लोक. एक म्हातारी पहाडी बाई वाद्याशिवाय गात होती. आक्काने चिमटीतला खडा खाली ठेवला.

"याच्यात मशीनचा आवाज कुठं हाये रे?" तिने विचारलं.

"कुठली मशीन?" मिलिंदला काही कळेना.

"तेच तं म्हनते मी. काईच वाजून नाई रायलं."

आक्काच्या खोलीची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या शेडची भिंत एकच. तिकडचे माग दिवसरात्र चालतात. पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांचं डोकं दुखतं. माग बंद असतात ते फक्त दिवाळीत, आणि दिवाळीला आम्ही सगळेच गावी जातो. बाहेर कार्यक्रम असला तर भोंगा, जनरेटर, हॉर्न. पोरसवदा वयात वावरात गायली असेल तेवढीच. पण तो आवाज त्या मुलीचा होता, आताच्या पंचफुलाचा नव्हे. त्या दिवशी तिने ते चित्रण पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सुनंदे, माहा आवाज मलेच कधी धड आइकू आला नाई वं. तिथं जाऊन एक डाव आइकते." मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. आक्काला मी इतकी वर्षं ओळखत होते आणि तरी मला असं वाटलं.

मिलिंदने तिला समजावलं की तिथे तिकीट काढून जायचं असतं आणि बसून ऐकायचं असतं. "म्हंजे? तोंड बांधून बसाचं अन् तोंड बांधून याचं?" तिला हे पटेचना. ज्यांना गाणं इतकं कळतं ते लोक आलेल्या पाहुण्याला बारी देत नसतील, हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं. शेवटी तिने मिलिंदकडून महोत्सववाल्यांचा नंबर लावून घेतला. पलीकडे एक मुलगी होती. आक्काने नमस्कार-चमत्कारही केला नाही. "बेटा, हमारी बारी कब है?" मुलगी गोंधळली. "कौन सी बारी, आंटी?" "गाने की. हम खाली सुनने को नहीं आते. हमारे में वैसा नहीं चलता." मुलीने गोड आवाजात सांगितलं की कलाकार तर सगळे ठरलेत. "तो हम कहाँ बोले कलाकार? एकच गाना है," आक्का म्हणाली. मिलिंद कपाळाला हात लावून बाहेर निघून गेला. मुलगी हसली, पण तिचं हसणं चांगलं होतं. पुढे काही दिवसांनी तिचाच फोन आला. सकाळी जिथे सगळे चहाला जमतात तिथे म्हणा तुमचं गाणं, पण तिकडे माइक नाही, चालेल का? आक्काने फोनवर तळहात दाबला आणि आम्हाला म्हणाली, "माइक नाई म्हनते!" मिलिंदला नोकरी लागली त्या दिवशीही मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती.

मग तयारी सुरू झाली. आमच्यापैकी कोणी लग्न, मयत आणि गाव यांच्यापलीकडे कधी प्रवास केला नव्हता, त्यामुळे ही तयारीही तशाच वळणाने जायला लागली. साड्यांचं काम देणारा सेठ भला माणूस आहे, पण कोणी सुट्टी मागितली की त्याचा ठरलेला प्रश्न असतो, "कोण ऑफ थई गयुं, बेन?" गुजरातीत माणूस वारला की असं म्हणतात. आक्का म्हणाली, "कोई नहीं, सेठ. गाना सांभळवा जाऊं छूं." सेठ विचारात पडला आणि म्हणाला, "कोनां लग्नमां?" गाणं ऐकायला कोणी उगीच कशाला जाईल? तिकडे पुष्पाबाईला थंडीची काळजी. सुरतेत साड्यांना तोटा नाही, पण स्वेटर कोणाकडे असतो? मिलिंदने तिकडचं तापमान सांगितलं तेव्हा ती हबकलीच. "एवढी थंडी तं फ्रिजात असते ना रे?" तिने सासऱ्यांचा जुना कोट ट्रंकेतून काढून उन्हात टाकला, आणि त्या कोटाकडे बघून आम्ही एवढ्या हसलो की शेजारच्या बाया जमल्या. जवसाची चटणी किती न्यायची, ठेचा बसमध्ये सांडला तर काय, यावर तासन् तास वाद झाले. आक्का प्रत्येक वादात शिरायची आणि शेवटी गाण्यावर यायची.

गाणं कोणतं म्हणायचं हा खरा प्रश्न होता. भीमगीत म्हणूया असं पुष्पाबाईचं म्हणणं. आक्काने ते मोडलं नाही, पण म्हणाली, आधी एक नवं म्हणू. "दुसऱ्याच्या घरी गेलं का पयले पानी मागा लागते. मंग बाकीचं." आणि तिने पाणी मागणारं गाणं रचलं. तिच्या डोळ्यांसमोर पांडेसऱ्याचा नाला असणार. भाऊजी होते तेव्हा ती तिथूनच त्यांचा डबा घेऊन जायची. मिलमध्ये ज्या रंगाचं काम चालू असेल त्या रंगाचं पाणी त्या नाल्यात असायचं. खडे लावता लावता ती गुणगुणत राहिली, आणि एका संध्याकाळी तिने आम्हाला ते म्हणून दाखवलं.

रंगवेलं पानी पायलं, जल्म गेला रंगात
बिनरंगाचं पानी पाजा, आली तुमच्या डोंगरात

चाल संथ होती. दुसरी ओळ लांबच लांब, एका दमात म्हणायची. पुष्पाबाईने ढोलकी बाजूला ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. आक्का म्हणाली, "काय झालं? वाईट हाये का?"

सुरत सगळी सपाट. इथे चढ म्हणायचा तर उड्डाणपुलांचा. डोंगर चढायची सवय हवी म्हणून आक्काने फर्मान काढलं की रोज सकाळी आपण दोघींनी पुलावर चढायचं. ट्रकांच्या बाजूने, कठड्याला धरून, साडीचा काचा मारल्यासारखा पदर खोचून आम्ही दोघी चढायचो आणि दुधवाले आमच्याकडे बघत जायचे. सुरुवातीला दोघींनाही दम लागायचा. पुढे माझा दम कमी झाला आणि तिचा वाढत गेला. एका सकाळी ती चढाच्या मध्यावर कठड्याला टेकून खाली बसली. ओठ निळसर दिसत होते, कपाळावर घाम. मी घाबरून हाका मारत होते आणि ती हाताने थांब थांब म्हणत होती. बोलता आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "अर्धा डोंगर तं झाला."

दवाखान्यात कळलं की हृदयाची झडप निकामी होत आली आहे. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि तोवर दगदग नको, डोंगर तर नकोच. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घशात नळी घालता ना? मंग गळ्याचं काय?" डॉक्टर म्हणाले, काही दिवस आवाज बसतो, मग येतो परत. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "येते म्हने. पन नक्की येते असं नाई म्हनला तो." मी तिला तिथेच रस्त्यावर झापलं. जीव मोठा की गाणं मोठं? महोत्सव काय, पुढच्या वर्षीही असेल. ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे नकार, हे मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मिलिंदने हात जोडले. माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. त्याने तिच्यापुढे आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो मधूनच उठून बाहेर गेला आणि जिन्यात रडत बसला. बोलले ती मीच, आणि चांगलं कडक बोलले. आक्काने मला संपूर्ण बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, "सुनंदे, तू मले वाचवून ठेवशीन. पन मले गाताच नाई आलं, तं मंग तू वाचवली थे पंचफुला कोन्ती?" तिने ठरवून टाकलं. आधी डोंगर, आल्याबरोबर ऑपरेशन, हवं तर तारीख आत्ताच घेऊन ठेवा. मी उठून घरी आले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. मी बरोबर होते. आजही म्हणते की मी बरोबर होते, आणि ती समोर असती तर पुन्हा हेच भांडण केलं असतं. पण बरोबर असून मला काय मिळालं? ती ऑपरेशनला गेली नाही आणि डोंगरालाही पोचली नाही.

अबोला काही दिवस टिकला. मग एका दुपारी मिलिंद डबा घेऊन आला. वांग्याची भाजी होती. मी ठरवलं होतं की चाखायची नाही, पण चाखली. भाजीत गूळ होता. सबंध जन्मात तिने एवढी मोठी माघार कोणापुढे घेतली नसेल. दुसऱ्या दिवशी मी तालमीला गेले आणि दारातच टाळ्या वाजवल्या. ती पेटीवरून मान वर न करता म्हणाली, "आली का मास्तरीन? बस."

शेवटची भेट तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशीची. तिने पार्टीसाठी सेठकडच्या डागी मालातून पांढऱ्या, निळ्या काठाच्या साड्या निवडून आणल्या होत्या आणि कुठला डाग निरीत दडेल, कुठला पदराखाली जाईल, ते प्रत्येकीला नेसवून दाखवत होती. माझी साडी बघितली, निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "तिथं तू बी म्हन. नुसत्या टाळ्या नको." मी म्हटलं, माझा सूर माहीत आहे ना? "डोंगर मोठा हाये. मावते," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मला राग आल्याचं सोंग करावं लागलं. निघताना ती दारापर्यंत आली नाही, बसूनच हात हलवला. दमली होती. मी म्हटलं, उद्या येते. ती म्हणाली, ये... आणि तिसऱ्या कोणाशी तरी साडीबद्दल बोलायला लागली. शेवटच्या भेटी अशाच होत असाव्यात, एखादं नीट वाक्यही न बोलता.

सेठला फोन मीच केला. "सेठ, आक्का ऑफ थई गयां." आमच्याकडून सुट्टीसाठी असे फोन त्याला कितीतरी आले असतील. या वेळी त्याने एवढंच विचारलं, "पेला गानामां गयां हतां?" त्या गाण्याला गेल्या होत्या का? मी म्हटलं, "ना. जवानां हतां." जायच्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी स्वतः आला, अर्धवट राहिलेली साडी त्याने तशीच घडी करून घेतली आणि दाराबाहेर बराच वेळ चपला शोधत राहिला. चपला समोरच होत्या.

पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावत नव्हती. सुरतेतल्या बहुतेक पार्ट्या आल्या आणि प्रत्येक पार्टीने एक एक गीत म्हटलं. लोक मला येऊन सांगत होते, नशीबवान हो, झोपेत गेली, काही त्रास नाही. मी मान डोलवत होते आणि आतून पेटत होते. झोपेत गेली यात नशीब कसलं? तिला टक्क जागं राहून जायचं होतं. रेल्वेत खिडकीशी बसून, मग बसमध्ये उलट्या करत, मग काठी टेकत त्या उतारावर जायचं होतं. हे सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. एवढं ठरवलेलं माणूस दुपारच्या डुलकीत जातं आणि आपण त्याला सुटका म्हणतो... मला ते म्हणता येत नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात आक्काच्या मोबाइलवर त्या महोत्सवातल्या मुलीचा फोन आला. मोबाइल माझ्या हाताशी होता, पुष्पाबाई गॅसपुढे बसली होती. "पंचफुला आंटी आ रही हैं ना? चायवाले भैया को बोल के रखा है." मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. फोन चालू होता, आणि तिच्या मागे कसलाही आवाज नव्हता. गाडी नाही, भोंगा नाही, माणूस नाही. मी मोबाइल कानाला घट्ट धरून नुसती उभी राहिले. आक्काला हेच हवं होतं, आणि ते मला तिच्याच फोनवर ऐकू येत होतं. मग ती मुलगी हलकेच म्हणाली, "तो आप लोग...?" मी मोबाइलवर हात धरून पुष्पाबाईला तिचं म्हणणं सांगितलं. पुष्पाबाई चुलीपुढून उठावी तशी गॅसपुढून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "सांग त्या पोरीले, येतो म्हना. घेतलेली बारी सोडत नसतेत." तिचा चेहरा रागावलेला होता. तिचा राग कोणावर होता हे मी विचारलं नाही. आम्ही दोघी एकाच माणसावर रागावलो होतो.

तर आम्ही जाणार आहोत. तालीम आक्काच्याच खोलीत होते. मिलिंदने चटई तिथेच ठेवली आहे. पेटी नेणार नाही, कारण ती वाजवणारं कोणी नाही. सुरुवात पुष्पाबाई करते. पहिल्या संध्याकाळी आम्ही गाणं घेतलं. पहिली ओळ नीट गेली. दुसरी सुरू झाली, बिनरंगाचं पानी पाजा... आणि आम्ही सगळ्या एकदम थांबलो. कोणाच्याच लक्षात येईना की झालं काय.

मग आलं लक्षात. आजार वाढला तशी आक्काला ती लांब ओळ एका दमात जमेनाशी झाली होती. 'पाजा' म्हणून झालं की तिचा श्वास संपायचा. ती पेटीवर तळहात टेकून दम घ्यायची आणि आम्ही पुढचे शब्द तोंडात धरून बसायचो. याचा तिला फार राग यायचा. "थांबू नका वं माह्यासाठी," ती धापा टाकत म्हणायची, "तुमी व्हा पुढं. मी येते मांगून." पण आम्ही कधी पुढे गेलो नाही. तिचा श्वास जुळला की ती मान हलवायची, आणि मग सगळ्या मिळून 'आली' म्हणायच्या.

आता तिथे दम घ्यायची कोणालाच गरज नाही. पुष्पाबाई म्हणाली, "चला, सलग म्हनू. लोकायपुढं बरं नाई दिसत." आम्ही सलग म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा त्याच जागी सगळ्यांची तोंडं मिटली, आणि ढोलकीवरचा तिचा स्वतःचा हातही वर राहिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी तर जन्मात कधी सुरात किंवा तालात नव्हते, पण त्या जागी मीही बरोबर थांबते. सगळ्या खाली बघत बसतात. मग कोणी मान हलवत नाही, खूण करत नाही, तरी एका क्षणी सगळ्या मिळून 'आली' वर येतो. परवा पुष्पाबाईने सलग म्हणायचा नाद सोडून दिला.

पुढच्या महिन्यात डोंगरावर, सकाळच्या चहाच्या वेळी, आम्ही हे गाणं म्हणू आणि ओळीच्या मधोमध गप्प होऊ. तिथे मागाचा आवाज नसेल, माइक नसेल, काहीच वाजत नसेल. हातात कप धरलेल्या त्या लोकांना वाटेल, बायका दुरून आल्यात बिचाऱ्या, आणि ऐन वेळी गाणंच विसरल्या.

वाटू दे.